हिशेबाबाहेरची हवा

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सचिव परवा घरी आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी, नॉमिनेशन, असं काहीतरी उपयोगाचं वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, ठेवींवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी माझ्या गाडीवर बोलतो. त्यांचा चेहरा जरा उतरला. कारण माझ्या गाडीवर या सोसायटीत आधीच भरपूर बोलून झालेलं आहे, आणि तेही वार्षिक सर्वसाधारण सभेत, इतिवृत्तात नोंद होऊन. हसू नका, खरं आहे ते. त्या इतिवृत्तात तक्रार आहे, पण तक्रारीचं पुढे काय झालं ते नाही. तेवढं आज पुरं करतो.

गाडी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात पिंपाशेजारी उभी असते ती मळकट पांढरी प्रीमियर पद्मिनी. मुलं तिला "आजोबांची टॅक्सी" म्हणतात. बाळांनो, टॅक्सी नाही ती. पण तुमचं अगदीच चुकलेलं नाही, कारण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रात फोटो आला होता, तो मी कापून ठेवला आहे.

ही गाडी आपल्या महाराष्ट्राची. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिथं फियाट गाड्या बनायला लागल्या, आणि १९७० च्या दशकात त्याच गाडीचं नाव चितोडच्या राणीवरून पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे आधी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मी १९८६ साली बँकेच्या स्टाफ लोनवर घेतली. हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा. आमच्या दोन्ही मुलांना दहावीच्या पहिल्या पेपरला मी याच गाडीतून सोडलं. घृष्णेश्वर, पैठण, शिर्डी, सगळीकडे ही गाडी गेलेली आहे. सौ. पुढच्या सीटवर बसून थर्मासमधला चहा द्यायची. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. म्हणून मी गाडी विकत नाही, असं काही जण म्हणतात. मी होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

आता तक्रारीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गाडी नखरे करायला लागली. जालना रोडला बरी पळायची. पण क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलो की इंजिन आधी वर जायचं, मग खाली यायचं, पुन्हा वर जायचं आणि शेवटी फुस्स करून बंद पडायचं. मागून हॉर्न. या वयात भर चौकात बॉनेट उघडून उभं राहणं बरं दिसत नाही. एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. पुन्हा तेच. मग म्हणाला, "साहेब, इंजिन गेलं. बोअर करावा लागेल." आणि आकडा सांगितला. तो आकडा ऐकून मी गाडी घेऊन परत आलो.

आणि मग मी जे केलं, ते आज सगळ्यांसमोर कबूल करतो. कार्ब्युरेटरला बाहेरून दोन स्क्रू असतात. एक इंजिनाचा स्लो कमी-जास्त करतो, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन किती वेगाने फिरत राहील ते ठरवतो. दुसरा त्या वेळी पेट्रोल किती जावं ते ठरवतो. मी पहिला आवळून स्लो वाढवला आणि दुसरा सैल करून पेट्रोल वाढवलं. गाडी बंद पडायची थांबली. मला वाटलं, झालं काम.

काम झालं नव्हतं. सकाळी गाडी चालू केली की सगळं पार्किंग पेट्रोलच्या वासाने आणि काळपट धुराने भरायचं. पार्किंगच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर ज्या ताई राहतात, त्यांच्या धाकट्या मुलाला दमा आहे. त्या मला दोनदा घरी येऊन शांतपणे सांगून गेल्या, "काका, सकाळी खिडकी उघडता येत नाही हो." मी म्हटलं, "बघतो, बघतो." बघितलं काहीच नाही. शेवटी त्यांनी सर्वसाधारण सभेत विषय मांडला. ठराव झाला की महिनाभरात गाडी दुरुस्त करावी, नाहीतर सोसायटीच्या आवारातून हलवावी. मला राग आला. पंचवीस वर्षं मेंटेनन्स एक दिवस उशिरा भरला नाही, आणि मला नोटीस! आठ दिवस मी ताईंशी बोललो नाही. जिन्यात दिसल्या की मोबाईलमध्ये बघायचो.

या आठ दिवसांत रात्री झोप येत नव्हती, तेव्हा मला बँकेतली एक जुनी गोष्ट आठवली.

मी १९७४ ला क्लार्क म्हणून लागलो. तेव्हा संगणक नव्हते, सगळं हाताने. संध्याकाळी लेजरची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळला नाही, तर कोणी घरी जायचं नाही. एकदा फरक निघाला ६३ रुपयांचा. मी नवा होतो, म्हटलं, "साहेब, एवढा फरक आज सस्पेन्स खात्यात टाकू, उद्या बघू." सस्पेन्स खातं म्हणजे ज्या रकमेचं कारण सापडत नाही ती तात्पुरती ठेवायची जागा. साहेब म्हणाले, "सस्पेन्समध्ये टाकल्याने फरक जात नाही, फक्त दिसायचा बंद होतो. आणि फरकाकडे बघ जरा. ६३ ला ९ ने भाग जातो का? जातो. म्हणजे कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत." खरोखर, अर्ध्या तासात सापडलं. १८ च्या जागी ८१ पडले होते. फरक बरोबर ६३.

अंथरुणात उठून बसलो. म्हटलं, आपण कार्ब्युरेटरच्या स्क्रूने दुसरं काय केलंय? फरक सस्पेन्समध्ये टाकलाय. आणि त्या फरकावर व्याज भरतोय कोण, तर वरच्या मजल्यावरचं सात वर्षांचं पोर.

दुसऱ्या दिवशी मी फरकाचा स्वभाव बघायला बसलो. गाडी वेगात चांगली, हळू चालताना वाईट. थंड असताना चोक ओढला की शांत, चोक सोडला की खोकते. म्हणजे चोक ओढून पेट्रोल वाढलं की तिला बरं वाटतं. याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतीये. पेट्रोलची बारीक वाट, जिला स्लो जेट म्हणतात, ती मी काढून फुंकून साफ केली. फरक पडला नाही. मग उरली हवा.

इथे दोन मिनिटं शाळेतला विज्ञानाचा तास घेतो, कंटाळू नका. पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा. हा हिशेब ठेवणारा कारकून म्हणजे कार्ब्युरेटर. त्याच्या गळ्यातून जेवढी हवा जाते, तेवढ्या मापाने तो पेट्रोल सोडतो. त्याच्या खालच्या अंगाला एक गोल झडप असते. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा ती उघडते, पाय काढला की जवळजवळ बंद होते. आता सिग्नलला उभे आहोत, झडप बंद आहे, पण खाली चार पिस्टन हवा ओढतच आहेत. त्यामुळे झडपेच्या खाली जोराची ओढ तयार होते, तिला व्हॅक्यूम म्हणतात. स्ट्रॉचं एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्या टोकाने ओढा, गाल आत जातात, तसंच.

अशा वेळी झडपेच्या खाली कुठंतरी केसाएवढी फट असली तरी बाहेरची हवा त्यातून आत घुसते. ही हवा कारकुनाच्या टेबलावरून गेलेलीच नाही. तिची नोंद नाही, म्हणून तिच्या वाट्याचं पेट्रोलही नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन खोकतं, डुगडुगतं आणि बंद पडतं. गाडी वेगात असते तेव्हा झडप उघडी, ओढ कमी, आणि एरवीची हवाच इतकी की त्या फटीतल्या हवेला किंमत राहत नाही. म्हणून रस्त्यावर गाडी ठीक आणि सिग्नलला आजारी. आपल्याकडचे मिस्त्री याला साध्या भाषेत म्हणतात, "गाडी हवा घेतीये." शहागंजच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री होते, ते म्हणायचे, "साहब, चोर अंदर नहीं है, दरवाज़े पे है." त्याचा अर्थ मला तीस वर्षांनी कळला.

आपल्या पाणचक्कीचं उदाहरण घ्या. तिथं पाणी कित्येक किलोमीटरवरून, डोंगराकडून, जमिनीखालच्या खापरी नळांतून येतं. वाटेत नळ फुटला तर चक्कीपाशी उभं राहून चक्कीलाच कितीही तेल घाला, ती फिरणार नाही. दोष चक्कीत नाही, वाटेत आहे. गॅरेजवाल्याने माझी चक्की बदलायला सांगितली होती, एवढंच.

आता फट शोधायची कशी? मी गाडी ढकलून पार्किंगच्या बाहेर, मोकळ्यावर आणली. हे फार महत्त्वाचं. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणूस मारतो. ढकलायला वॉचमन आणि दोन मुलं आली. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, कान लावला. मला काहीच ऐकू येईना. नुसता इंजिनाचा आवाज.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आजोबा, मी बघू?" वळून बघतो तर ताईंची मोठी मुलगी. पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईशी मी बोलत नव्हतो, आणि ही पोरगी सकाळी सात वाजता मदतीला! मला काय बोलावं कळेना. म्हटलं, "बघ बाई."

तिने काय केलं? स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाजवळ धरलं आणि दुसरं टोक कार्ब्युरेटरभोवती हळूहळू फिरवलं, पट्ट्याला आणि पंख्याला लागू न देता. ओढणी काढून आधी वॉचमनकडे दिली होती, वेणी आत खोचली होती. चालू इंजिनाजवळ हे पथ्य पाळलंच पाहिजे. कार्ब्युरेटर जिथं खाली बसतो त्या जोडापाशी नळी आली आणि ती म्हणाली, "आजोबा, इथं सूं असा आवाज येतोय." मी नळी घेतली. मला काहीच नाही! घरी जाऊन श्रवणयंत्र लावून आलो, तरी नाही. वय झालं की आधी बारीक, चिरका आवाज ऐकू येणं कमी होतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. म्हणजे ती फट गेले वर्षभर माझ्याशी बोलत होती आणि मला ऐकूच येत नव्हतं. ताई पण माझ्याशी बोलत होत्या म्हणा, आणि तिथं तर कानाचा काही दोष नव्हता.

मग खात्री करायची. सायकलचं पंक्चर काढताना आपण ट्यूब पाण्यात धरतो आणि बुडबुडे येतात. इथं उलटं असतं. इथं हवा बाहेर येत नाही, आत जाते. म्हणून साबणाच्या पाण्याचा फवारा मारला तर फेस बाहेर येत नाही, आत ओढला जातो, आणि फट क्षणभर पाण्याने बुजली की इंजिनाचा सूर बदलतो. आम्ही कुंडीला पाणी मारायची बाटली घेतली. पाणी डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या वायरींवर जाऊ नये म्हणून मध्ये जाड फडकं धरलं. कार्ब्युरेटरच्या बुडाशी थोडं पाणी मारलं, आणि इंजिन दोन-तीन सेकंद कसं शांत, एका लयीत चाललं! पाणी आत गेलं, पुन्हा डुगडुग. तीनदा केलं, तीनदा तेच. माझ्या अंगावर काटा आला. वर्षभराचा फरक सापडला होता.

कोणी म्हणेल, पेट्रोल मारून बघतात की. काही जण तसं करतात, पण तुम्ही चुकूनही करू नका. खाली तापलेला सायलेन्सरचा पाईप असतो. कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे मिळतो, तो मारला तर फटीतून तो आत जाऊन जळतो आणि इंजिनाचा वेग वाढतो, त्यावरूनही फट कळते. पण तोही पेट घेणाराच आहे. साबणाचं पाणी सगळ्यात बरं. मोजायचं यंत्रही मिळतं, व्हॅक्यूम गेज म्हणून. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की चांगल्या इंजिनाचा काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. ते समुद्रसपाटीचं माप आहे. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांवर आहे, म्हणजे आपल्याकडे काटा दोन इंच कमीच दाखवणार. तेवढ्यावरून चांगलं इंजिन खोलायला देऊ नका.

इंजिन थंड झाल्यावर, बॅटरीची वायर काढून, आम्ही कार्ब्युरेटर उतरवला. खालचं पॅकिंग बघवत नव्हतं. एका बाजूला चेपून कागदासारखं झालेलं, दुसऱ्या बाजूला काळं पडून तुटलेलं. पोरीने स्टीलची पट्टी कार्ब्युरेटरच्या बुडावर उभी धरली आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावला. पट्टीच्या दोन्ही टोकांना उजेड नाही आणि मधून उजेड येतोय, असं व्हायला नको होतं. बूड वाकलं होतं. का वाकलं? कारण दर वेळी गाडी रुसली की मी किंवा गॅरेजमधल्या कुणीतरी दोन्ही बाजूंचे नट पिळून आवळले होते. मऊ धातू तो, नटांच्या बाजूला खाली ओढला गेला आणि मध्ये कमान झाली. जितकं जास्त आवळलं, तितकी फट मोठी.

दुरुस्ती साधी होती, घाईची मात्र नव्हती. जाड सपाट काच घेतली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि त्यावर कार्ब्युरेटरचं बूड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हळूहळू घासलं. सगळ्या वाटा आणि भोकं आधी चिंधीने बंद केली होती, चुरा आत जाऊ नये म्हणून. पाच-पाच मिनिटांनी पट्टी धरून बघायचं. दोन तास लागले. मग पॅकिंगच्या कागदातून नवीन पॅकिंग कापलं. बुडावर कागद धरून हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलकेच ठोकलं की आकार उमटतो, तो कात्रीने कापायचा. सिलिकॉन, गोंद वगैरे काही लावलं नाही, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. नट आवळताना मात्र मी तिला सांगितलं, "एक अर्धा आटा इकडे, एक अर्धा आटा तिकडे. आणि मनगटाने आवळायचं, खांद्याने नाही." तेवढं एक मला तिला शिकवता आलं.

गाडी चालू केली. नव्वद टक्के बरी. पण थोडी डुगडुग होतीच. पोरीने झडपेचा दांडा, म्हणजे स्पिंडल, दोन बोटांनी आडवा हलवून बघितला. तो हलला की सूर बदलायचा. चाळीस वर्षं फिरून दांड्याच्या भोवतालचं भोक मोठं झालं होतं, तिथूनही हवा जात होती. हे घरी होण्यातलं नव्हतं. कार्ब्युरेटर एका लेथवाल्याकडे नेला, त्याने नवीन बुश बसवून दिला. त्याचे बाराशे रुपये झाले. पॅकिंगचा कागद आणि पॉलिश पेपर धरून सगळा खर्च दीड हजाराच्या आत. बोअरचा जो आकडा मला सांगितला होता, तो मी इथे सांगत नाही, समोर बरेच ज्येष्ठ नागरिक बसलेत.

मग शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. ते दोन स्क्रू. मी वर्षभर जे पिळून ठेवले होते, ते मूळ जागी आणले. पेट्रोलचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेतला, मग दीड आटा बाहेर काढला, इंजिन चांगलं तापू दिलं आणि जिथं ते सगळ्यात एकसारखं चाललं तिथं सोडलं. स्लो कमी केला. धूर नाही, वास नाही. ही पायरी विसरली तर आधीची सगळी मेहनत फुकट. फट बुजली आणि स्क्रू तसाच राहिला, तर आता जास्तीचं पेट्रोल जळणार, धूर पहिल्यापेक्षा जास्त. फरक सापडल्यावर सस्पेन्समधली नोंदसुद्धा उलटवावी लागते. बँकवाल्यांना हे कळेल.

दुसऱ्या दिवशी गाडी पीयूसीला नेली. मर्यादेच्या आत आकडा आला. ते सर्टिफिकेट घेऊन मी थेट पहिल्या मजल्यावर गेलो. सचिवांना नंतर दिलं. ताईंनी दार उघडलं. मी म्हटलं, "ताई, तुमची तक्रार बरोबर होती. मीच ऐकलं नाही. चुकलो." त्या म्हणाल्या, "काका, आत या, चहा टाकते." तो धाकटा सोफ्यावर पुस्तक घेऊन बसला होता. मला म्हणाला, "आजोबा, आता टॅक्सी खोकत नाही का?" मी म्हटलं, "नाही रे, बरी झाली. तू कसा आहेस?" तो म्हणाला, "मी पण." त्याचा दमा माझ्या गाडीमुळे झाला नव्हता आणि गाडी दुरुस्त झाल्याने तो गेलेला नाही, हे मला माहीत आहे. पण त्याची सकाळची खिडकी आता उघडी असते. मी रोज खालून बघतो.

तुमच्यापैकी कोणाकडे पद्मिनी नाही, हे मला ठाऊक आहे. पण कार्ब्युरेटर अनेकांकडे आहे. दुचाक्यांना १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागले, तोपर्यंतच्या बहुतेक स्कूटर-मोटरसायकली कार्ब्युरेटरवरच्या. आपल्या वाळूजच्या कारखान्यातून निघालेल्या किती गाड्या आपल्याच पार्किंगमध्ये आहेत बघा. त्यांच्यात कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जोड असतो, बहुतेक वेळा रबराचा. तो तडकला की हाच आजार होतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. माझं पॅकिंग त्यामुळे गेलं असं मी म्हणणार नाही, ते आवळून आवळून गेलं होतं. पण तुमची जुनी स्कूटर सिग्नलला बंद पडायला लागली, तर स्लो वाढवून घ्यायच्या आधी मिस्त्रीला एवढं विचारा, "हवा तर घेत नाही ना?" आणि ज्या मोटारींना ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी रबरी नळी असते, त्यांनी ती नळी आधी बघावी. तिथं फट असेल तर इंजिनाबरोबर ब्रेकचाही प्रश्न आहे.

अध्यक्षसाहेब घड्याळ बघतायत. आवरतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे इथे राहायला आलो तेव्हा समोर नुसतं माळरान होतं. पाणी टँकरने यायचं. पहिल्या वर्षीच्या जमाखर्चात ११० रुपयांचा फरक होता, खजिनदार मीच होतो, आणि तो सापडेपर्यंत मी हिशेब सभेपुढे ठेवला नव्हता. तोच मी, स्वतःच्या गाडीच्या बाबतीत वर्षभर स्क्रू पिळत बसलो. माणसाचं असंच असतं. दुसऱ्याच्या वहीतला फरक लगेच दिसतो. म्हणून कार्यकारिणीला माझी एवढीच विनंती आहे की त्या ठरावाच्या खाली, त्याच पानावर, एक ओळ लिहावी: "तक्रार रास्त होती. दुरुस्ती झाली." आणि खाली माझी सही घ्यावी.

त्या मुलीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आता सुरू होतंय. कार्ब्युरेटर अभ्यासक्रमात नावापुरताच आहे, असं ती सांगत होती. मी तिला म्हटलं, माझी गाडी आहे की, दर रविवारी सकाळी. ती येते. धाकटा पण येतो, पण इंजिन बंद असतानाच, असा आईचा हुकूम आहे आणि तो आम्ही पाळतो. पाने तो पुसून ठेवतो.

रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी नसेन, पण गाडी असावी, असं वाटतं.